कारखान्यातला भोंगा: जुनी लाइन ठेवायची की नेटवर्कवर जायचं?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. तीन शेड, त्यातल्या एकात पावर प्रेस. सिक्युरिटी केबिनमध्ये जुना ॲम्प्लिफायर आणि त्याच्या लाइनवर वीस-बावीस हॉर्न. प्रेस शॉपमध्ये अनाउन्समेंट कुणाला कळत नाही, आणि मागच्या कुंपणावरून रात्री भंगार चोरीला जातं. सीसीटीव्ही आधीच संगणकाच्या नेटवर्कवर आहे. एक ठेकेदार सांगतो, सगळे हॉर्न काढा आणि नेटवर्कचे बसवा. दुसरा म्हणतो, काही गरज नाही, दुप्पट वॉटचा ॲम्प्लिफायर घ्या. सेफ्टी ऑफिसर विचारतात की दोघांपैकी कुणाचं ऐकायचं, कॅमेऱ्याने माणूस पाहिला की भोंगा आपोआप बोलेल का, आणि हीच यंत्रणा आगीच्या सूचनेसाठी धरता येईल का.

दोघांचंही पूर्ण ऐकू नका. शेडच्या आतली जुनी लाइन बहुतेक ठेवता येईल. मागचं कुंपण, गेट, पार्किंग आणि प्रेस शॉप एवढ्या ठिकाणी नेटवर्कचे हॉर्न घ्या. दोन्ही यंत्रणा एका गेटवेने, म्हणजे मधल्या दुवा साधणाऱ्या उपकरणाने, जोडता येतात. मात्र हा निर्णय वॉट किंवा ब्रँड बघून घ्यायचा नाही. दोनच गोष्टी बघा: सगळ्यात गोंगाटाच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला शब्द कळतो का, आणि एखादा हॉर्न मेला तर ते तुम्हाला कोण सांगणार. नाशिकमध्ये इतकी वर्षं हीच कामं करतोय, आणि बंद पडलेल्या यंत्रणांमध्ये यातलीच एखादी गोष्ट सुटलेली दिसते.

आधी दुप्पट ॲम्प्लिफायरचं बघू, कारण तिथे पैसे सरळ वाया जातात. तुमची जुनी यंत्रणा १०० व्होल्ट लाइनची आहे. प्रत्येक हॉर्नच्या मागे ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यावर ५, १०, १५ वॉट अशी टॅपिंग असतात. हॉर्न १५ वॉटच्या टॅपवर असेल तर लाइनवर पूर्ण १०० व्होल्ट आल्यावर तो १५ वॉटच घेणार, मागे ॲम्प्लिफायर २५० चा असो की ५०० चा. जुना ॲम्प्लिफायर ओव्हरलोड होऊन दबत असेल तरच मोठा घेतल्याने फरक पडेल. ते तपासायला सोपं आहे. सगळ्या हॉर्नच्या टॅपिंगची बेरीज करा. ती ॲम्प्लिफायरच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या आत असेल तर मोठा घेऊन हाती काही लागणार नाही.

टॅपिंग वाढवून वॉट खरोखर दुप्पट केले तरी आवाज वाढतो ३ डेसिबल. कानाला हा फरक जेमतेम जाणवतो. उलट अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल जातात. एक साधा हिशेब मांडतो. चांगल्या हॉर्नची संवेदनशीलता एका वॉटला एका मीटरवर १०८ डेसिबल धरा. त्याला ८ वॉट दिले की एका मीटरवर ११७ होतात. पुढे २ मीटरवर १११, ४ वर १०५, ८ वर ९९, १६ वर ९३, ३२ वर ८७. प्रेस चालू असताना शॉपमध्ये ९० डेसिबल गोंगाट असेल तर शब्द कळायला आवाज त्याच्या वर निदान १० डेसिबल हवा, म्हणजे माणसाच्या कानाशी १००. तो हॉर्न तेवढं फक्त सात मीटरपर्यंत देऊ शकतो. वॉट दुप्पट केले तर दहा मीटर. शेड साठ मीटर लांब असेल तर दोन टोकांना दोन मोठे भोंगे लावून मधल्या माणसापर्यंत शब्द पोचवता येत नाही.

म्हणून प्रेस शॉपमध्ये हॉर्न जास्त, माणसाच्या जवळ आणि हळू आवाजात लावायचे. मोजके हॉर्न कर्कश वाजवले तर टोकाखालच्या ऑपरेटरच्या कानावर ११५ डेसिबल आदळतात. आपल्याकडे आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे तुम्ही आधीच काठावर आहात. शिवाय त्या माणसाने कानात प्लग घातलेले असतात, आणि ते असलेच पाहिजेत. तेव्हा प्रत्येक प्रेसच्या रांगेवर चमकणारा दिवा हवाच. दिवा लागला की मान वर होते आणि मग कान शब्दाकडे जातो. बऱ्याच नेटवर्क हॉर्नला रिले आउटपुट, म्हणजे दुसरं उपकरण चालू-बंद करणारा स्विच, असतं, ते दिव्याला जोडता येतं.

आता शब्द कळण्याकडे येतो, कारण आवाज मोठा असणं आणि शब्द कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गोंगाटात स्वर टिकतात, व्यंजनं जातात. ‘शेड सात’ अशी घोषणा घ्या. ‘सात’मधल्या ‘स’चा फुसकारा मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर असतो. टेलिफोनच्या दर्जाचा ऑडिओ, म्हणजे जी.७११ कोडेक (आवाजाचे आकडे करून पाठवण्याची पद्धत), ३४०० हर्ट्झच्या आसपास कापला जातो. मग ‘सात’मधला ‘स’ गेला की उरतं ‘आत’. प्रेसच्या दणक्यात ‘त’ आणि ‘ठ’ वेगळे ओळखू येत नाहीत, म्हणून एकाला ‘आत’ ऐकू येतं आणि दुसऱ्याला ‘आठ’. एक माणूस आत धावतो, दुसरा आठ नंबरकडे. सेटिंगमध्ये जी.७२२ हा कोडेक निवडता येत असेल तर तेच निवडा, त्यात ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. बहुतेक नेटवर्क हॉर्नमध्ये ते असतं, पण बसवणारा माणूस जी.७११ तसंच ठेवून जातो, कारण लगेच आवाज आला की त्याचं काम झालेलं असतं. जागांची नावंही बदला. सात-आठ-साठ असे आकडे घोषणेत ठेवू नका. ‘पेंट शॉप’, ‘भंगार यार्ड’, ‘मागचं गेट’ ही नावं गोंगाटातही वेगळी ओळखू येतात.

घोषणेची भाषाही यंत्रणेचाच भाग समजा. ‘सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की काही अपरिहार्य कारणास्तव’ अशी सुरुवात केली तर महत्त्वाचा शब्द येईपर्यंत ऐकणाऱ्याचं लक्ष उडालेलं असतं. आधी एक-दोन सेकंदांचा टोन द्या, मग एवढंच बोला: ‘पेंट शॉपमध्ये आग. काम थांबवा. पुढच्या गेटने बाहेर पडा.’ हेच पुन्हा एकदा, मग हिंदीत. अंबड-सातपूरमध्ये प्रेसवर खानदेशातली पोरं आहेत, तशीच बिहार-उत्तर प्रदेशातलीही आहेत. हे संदेश आधी रेकॉर्ड करून हॉर्नच्या मेमरीत ठेवा. घाबरलेल्या गार्डच्या तोंडून ऐनवेळी तीन वाक्यं नीट निघतील यावर अवलंबून राहू नका.

मग नेटवर्कचे हॉर्न कशासाठी? चांगल्या आवाजासाठी नव्हे. चांगल्या १०० व्होल्ट लाइनवरचा चांगला हॉर्न तितकाच स्पष्ट वाजतो, आणि तीच लाइन एका जाड वायरवर किलोमीटरभर जाते. नेटवर्कचा खरा फायदा असा की प्रत्येक हॉर्नला स्वतःचा पत्ता असतो, आणि तो चालू आहे की मेला आहे हे रोज सकाळी विचारता येतं. जुन्या लाइनवर बावीसातले पाच हॉर्न बंद असले तर ते कधी कळतं? आगीच्या ड्रिलला कळलं तर नशीब चांगलं. लाइनची इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजणारे ॲम्प्लिफायर मिळतात, पण लाइनवर काही तरी बिघडलंय एवढंच ते सांगतात, कुठला हॉर्न ते सांगत नाहीत.

यातही एक मेख आहे. ‘हॉर्न ऑनलाइन आहे’ म्हणजे तो वाजतोय असं नाही. दिंडोरी रोडकडच्या एका गोदामात पाहिलेलं सांगतो. पावसाळ्यानंतर एका हॉर्नच्या तोंडात गांधीलमाश्यांनी चांगलं मुठीएवढं घरटं केलं होतं. स्क्रीनवर हिरवा ठिपका, पिंगला (‘आहेस का?’ या नेटवर्कवरच्या हाकेला) उत्तर, एसआयपी (नेटवर्कवरून कॉल लावण्याची पद्धत) रजिस्ट्रेशन ठीक, आणि बाहेर येतोय फक्त घुसमटलेला आवाज. हे पकडायला हॉर्नमध्ये स्वतःचा मायक्रोफोन हवा. तो ठरलेल्या वेळी छोटा टोन वाजवतो, स्वतः ऐकतो आणि बसवताना नोंदलेल्या पातळीशी ताडून पाहतो. काही कंपन्यांच्या हॉर्नमध्ये ही सोय असते, काहींमध्ये नसते. क्वोटेशनमध्ये वॉटच्या ओळीपेक्षा ही ओळ आधी शोधा. ती नसेल तर नेटवर्कवर जाण्याचं निम्मं कारणच संपतं. हॉर्न बसवताना तोंड किंचित खाली झुकलेलं ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. उघड्यावरच्या हॉर्नला धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा निदान आयपी ६६ हवा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आडवा पाऊस येतो.

दुसरा फायदा झोनचा, म्हणजे प्रत्येक भागाला वेगळी घोषणा देता येण्याचा, आणि त्यावर थोडं जास्त बोलतो, कारण या गोष्टीची किंमत नाशिकने मोजलेली आहे. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थातल्या शाही स्नानाच्या दिवशी पंचवटीत चेंगराचेंगरी झाली आणि ३९ जणांचा जीव गेला. चेंगराचेंगरीची कारणं अनेक असतात, ती एका भोंग्यावर ढकलता येत नाहीत. पण अरुंद उतारावर गर्दी अडते तेव्हा काय होतं ते पाहा. पुढच्यांना ‘पुढे सरका’ सांगायचं असतं, मागच्यांना ‘तिथेच थांबा’, आणि मधल्यांना कुठल्या गल्लीने बाहेर पडायचं ते. एकच घोषणा सगळीकडे एकदम गेली तर ती निम्म्या लोकांसाठी चुकीची असते. मागच्याने ‘पुढे सरका’ ऐकलं की तो रेटा देतो. रामकुंड, गांधी तलाव आणि दोन्ही काठांचे दगडी घाट या भागात आवाज दगडावरून परत येतो, त्यामुळे कुठली घोषणा कुणासाठी हे आणखीच कळत नाही. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत असलेल्या कुणाच्या हाती हे पडलं तर कळकळीचं सांगणं आहे: घाटावर हॉर्न किती लावले यापेक्षा झोन किती केले आणि प्रत्येक झोनचं बटण कोणाच्या हाताखाली आहे ते आधी ठरवा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढतो तेव्हाही हेच लागू. पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलंय यावरून जुने नाशिककर पूर ओळखतात, पण सराफ बाजार, भांडी बाजार आणि गोदाकाठच्या टपऱ्यांना प्रत्येकाला त्याची वेळ आणि वाट वेगळी सांगावी लागते.

तुमच्या कारखान्यातही हाच न्याय. पेंट शॉपला आग लागली आणि तिन्ही शेडना एकदम ‘बाहेर पडा’ म्हटलं तर सगळे एकाच गेटवर येतील. पेंट शॉप आधी, त्याला लागून असलेला शेड नंतर, प्रेस शॉपला आधी ‘मशीन बंद करा’. हा क्रम कागदावर मांडा आणि मगच हॉर्नची संख्या ठरवा. जुन्या १०० व्होल्ट यंत्रणेतही शेडवार लाइन वेगळ्या करून झोन करता येतात. स्टोअर आणि असेंब्लीच्या शेडसाठी तेवढं पुरेल. त्या लाइन एका नेटवर्क ऑडिओ गेटवेला जोडल्या की संगणकाला त्या शेडचा प्रत्येक जुना झोन एका नव्या हॉर्नसारखाच दिसतो.

आता वीज. नेटवर्क हॉर्न पीओईवर चालतो, म्हणजे डेटा आणि वीज एकाच केबलमधून. ८०२.३एएफ या २००३ च्या मानकात स्विचच्या (नेटवर्कच्या केबल जिथे एकत्र येतात त्या डब्याच्या) पोर्टवर १५.४ वॉट असतात आणि केबलच्या टोकाला १२.९५ उरतात. त्यातून हॉर्नचं स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स चालतं, मग ॲम्प्लिफायरला सात-आठ वॉट मिळतात. वर मी ८ वॉटचा हिशेब केला तो याच कारणाने. २००९ च्या ८०२.३एटीमध्ये पोर्टवर ३० आणि टोकाला २५.५ वॉट. २०१८ च्या ८०२.३बीटीमध्ये पोर्टवर ९० पर्यंत. चोवीस पोर्टच्या स्विचवर ‘पीओई’ लिहिलेलं असलं म्हणून चोवीसही पोर्टला पूर्ण वीज मिळेल असं नाही. चोवीस गुणिले १५.४ म्हणजे सुमारे ३७० वॉट. स्विचचा एकूण पीओई बजेट तेवढा आहे का ते बघा. स्वस्तातल्या स्विचचा निम्मा असतो. सगळे हॉर्न एकदम बोलायला लागले की अशा स्विचवरचे काही पोर्ट बंद पडतात, आणि सगळे हॉर्न एकदम नेमके आणीबाणीतच बोलतात. स्विचला यूपीएस द्या. कारखान्यातली लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत जो अर्धा-पाऊण मिनिट जातो त्यात स्विच रीस्टार्ट होतो, हॉर्न रीस्टार्ट होतात, आणि दोन-तीन मिनिटं तुमची यंत्रणा मुकी असते.

केबलबद्दल खूप बोलता येईल, पण एकच गोष्ट ठासून सांगतो. बाजारात तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल विकली जाते. खोक्यावर कॅट ६ लिहिलेलं असतं. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरी दिसली तर ती परत पाठवा. अशी केबल डेटा चालवते, पण लांब अंतरावर वीज खाते, आणि मोकळ्या हवेत वर्षभरात टोकं ठिसूळ होतात. उघड्यावर काळ्या आवरणाची, उन्हात टिकणारी केबल घ्या. पिवळ्या-निळ्या इनडोअर केबल कुंपणावर दोन उन्हाळे काढत नाहीत.

तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर. तुमचं मागचं कुंपण केबिनपासून त्याहून लांब असणार. तिथे मध्ये स्वस्त एक्स्टेंडर लावून नेण्यापेक्षा फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेच्या तंतूची केबल, टाका. फायबरचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. एप्रिल-मेच्या वळवात विजा पडतात तेव्हा दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो तांब्याच्या केबलमधून स्विचमध्ये शिरतो. एका रात्रीत स्विच, रेकॉर्डर आणि सहा कॅमेरे गेलेले मी पाहिले आहेत, आणि वीज पडली होती दोनशे मीटर लांब. इमारतीतून इमारतीत जाताना फायबर, खांबावरच्या हॉर्नला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारं उपकरण), आणि त्या प्रोटेक्टरचं अर्थिंग स्विचच्या रॅकच्या अर्थिंगशी जोडलेलं. प्रोटेक्टर लावला पण त्याची हिरवी तार कुठेच जोडली नाही, हे चित्र जागोजागी दिसतं.

आता एक असा दोष जो बसवणाऱ्यालाही कोड्यात टाकतो. अनेक हॉर्नना एकच घोषणा द्यायची असेल तर ती मल्टिकास्टने जाते. एकच प्रवाह सोडायचा, ज्याला हवा तो घेतो. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे प्रवाह कुणाला हवा याची यादी ठेवण्याची सोय, बंद असेल तर हा प्रवाह प्रत्येक पोर्टवर जातो, कॅमेऱ्यांवर आणि वाय-फायवरही, आणि वाय-फाय गुदमरतो. म्हणून कुणीतरी स्नूपिंग चालू करतो. पण नेटवर्कमध्ये ‘क्वेरिअर’ ठेवलेला नसतो, म्हणजे ‘कोण कोण अजून ऐकतंय?’ असं ठरावीक वेळाने विचारणारा कुणीच नसतो. मग काय होतं? हॉर्न चालू केल्यावर टेस्ट झकास होते, ठेकेदार सही घेऊन जातो. साधारण २६० सेकंदांनी स्विच ती यादी विसरतो आणि घोषणा गडप होते. हॉर्न रीस्टार्ट केला की पुन्हा चार मिनिटं चालतो. सातपूरच्या एका कंपनीत याच दोषापायी हॉर्न बदलले गेले होते, दोष एका टिकमार्कचा होता. म्हणून टेस्ट करताना हॉर्न चालू करून दहा मिनिटं थांबा आणि मग घोषणा द्या. एवढ्यावरून पुष्कळ कळतं.

आवाजाच्या वेळेचं थोडक्यात. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. साठ मीटर लांबचा हॉर्न तुमच्या जवळच्या हॉर्नपेक्षा सुमारे १७५ मिलिसेकंद उशिराने ऐकू येतो, आणि पन्नास मिलिसेकंदांच्या वर गेलं की कानाला तो प्रतिध्वनी वाटतो. जवळजवळ आणि हळू हॉर्न लावले की लांबचा आवाज आपोआप दबतो, त्यामुळे हा त्रास निम्म्याहून कमी होतो. एका झोनमध्ये मात्र दोन कंपन्यांचे हॉर्न मिसळू नका. प्रत्येकाचा बफर, म्हणजे वाजवण्याआधी आवाज साठवून ठेवण्याचा वेळ, वेगळा असतो आणि शेजारचे दोन हॉर्न एकमेकांच्या मागून बोलतात. जुनी लाइन आणि नवे हॉर्न एकाच शेडमध्ये ऐकू येत असतील तर जो आधी बोलतो त्याला डिले देऊन, म्हणजे मुद्दाम थोडं उशिरा बोलायला लावून, जुळवून घ्यावं लागतं. हे काम ठेकेदाराकडून करून घ्या, ते आपोआप होत नाही.

मागच्या कुंपणाकडे वळतो. हो, कॅमेऱ्याने रेषा ओलांडणारा माणूस ओळखला की हॉर्न बोलू शकतो. अडचण खोट्या इशाऱ्यांची आहे. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याच्या उजेडात किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळं विणतो, आणि जाळं हललं की कॅमेऱ्याला माणूस दिसतो. कुत्री, वटवाघळं, हलणारं गवत वेगळंच. रात्रभर दहा वेळा ‘तुम्ही कॅमेऱ्यात दिसत आहात’ असं वाजलं की आठवड्याने चोराला कळतं की इथे टेप वाजते. म्हणून दोन पायऱ्या ठेवा. पहिला इशारा आपोआप, पण फक्त त्या कॅमेऱ्याजवळच्या एका हॉर्नमधून आणि कमी आवाजात. दुसरा इशारा केबिनमधला माणूस स्वतः देईल: ‘निळा शर्ट, भंगाराजवळ उभा आहेस, मागे फिर.’ आपल्याला बघून कुणीतरी जिवंत माणूस बोलतोय हे कळल्यावर पोतं टाकून पळतात. रेकॉर्ड केलेल्या बाईच्या आवाजाला कुणी इतकं घाबरत नाही. यासाठी कॅमेरा आणि हॉर्न एकाच सॉफ्टवेअरच्या एका पडद्यावर हवेत. ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून केलेलं मानक) लिहिलेलं असलं तरी आवाजाचा परतीचा मार्ग तुमच्याच रेकॉर्डरवर चालतो का, ते प्रत्यक्ष करून बघा.

कायद्याची बाजू लक्षात ठेवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबलची मर्यादा आहे, निवासी भागात ५५ आणि ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. खासगी जागेतल्या यंत्रणेचा आवाज हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाऊ नये. बंद जागेतला अंतर्गत संपर्क आणि सार्वजनिक आणीबाणी सोडून रात्री लाउडस्पीकरला मनाई आहे. अंबडच्या कडेला आता वस्ती चिकटलेली आहे. हॉर्नचं तोंड नेहमी आतल्या बाजूला, रात्रीचा आवाज वेळापत्रकाने आपोआप कमी होईल असा, आणि उघड्यावरच्या वापरासाठी पोलीस ठाण्याकडून लेखी परवानगी. शिफ्ट बदलल्याची रात्रीची घंटा बाहेरच्या हॉर्नवर अजिबात नको, ती शेडच्या आतच ठेवा. आणि हॉर्नमध्ये मायक्रोफोन असेल तर त्याने कामगारांचं बोलणं ऐकायचं नाही, रेकॉर्ड करायचं नाही. स्वयंचाचणी सोडून तो बंद ठेवा आणि तसं नोटीस बोर्डावर लावा. नाहीतर लोक त्यावर चिंध्या कोंबतील, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

नेटवर्कवर आल्यावर भोंग्याला कुलूपही लावावं लागतं. ७ एप्रिल २०१७ च्या रात्री अमेरिकेतल्या डॅलस शहराचे सगळे १५६ आणीबाणीचे सायरन कुणीतरी वाजवले. ती यंत्रणा रेडिओ सिग्नलवर होती, पण कारण तेच जे तुमच्याकडे होऊ शकतं: आज्ञा कुणाची आहे हे यंत्रणा तपासत नव्हती. मल्टिकास्टचंही तसंच आहे, त्याच नेटवर्कवर बसलेला कुणीही प्रवाह सोडू शकतो. म्हणून हॉर्नसाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर केलेलं स्वतंत्र नेटवर्क, ऑफिसच्या संगणकांपासून आणि पाहुण्यांच्या वाय-फायपासून तोडलेला. कंपनीतून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. मालकाला घरून मोबाइलवर बघायचं म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडू नका, त्यासाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून येणारी सुरक्षित खासगी वाट, घ्या. एसआयपीचा पोर्ट इंटरनेटवर उघडा राहिला की जगभरातले स्कॅनर त्यावर कॉल टाकतात, हॉर्न तो उचलतो आणि रात्री दोन वाजता यार्डात खरखर सुरू होते. गार्डांमध्ये भुताटकीच्या गोष्टी पसरतात, कारण मात्र राउटरमध्ये असतं.

आगीचं उत्तर स्पष्ट देतो. साधा नेटवर्क हॉर्न म्हणजे आगीची व्हॉइस अलार्म यंत्रणा नव्हे. त्या यंत्रणेला वेगळी प्रमाणपत्रं लागतात, युरोपात कंट्रोल उपकरणांसाठी ईएन ५४-१६ आणि लाउडस्पीकरसाठी ईएन ५४-२४. आगीत टिकणारी केबल लागते, आणि बॅकअप साधारण २४ तास स्टँडबाय व त्यानंतर अर्धा तास प्रत्यक्ष सूचना एवढा लागतो. तुमचं फायर अलार्म पॅनेल आणि हूटर आहेत तसे राहू द्या. पॅनेलचा रिले या यंत्रणेला जोडा, म्हणजे हूटरबरोबर शब्दही जातील, पण नेटवर्क पडलं तरी हूटर वाजलाच पाहिजे. शेजारशेजारचे हॉर्न दोन वेगळ्या स्विचवर आलटून-पालटून घ्या, एक स्विच गेला तरी शेड पूर्ण मुका होत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यावा लागतो. त्याच तपासणीच्या वेळी लायसन्सधारक एजन्सीसमोर ही जोडणी चालवून दाखवायला सांगा.

पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढण्याआधी दोन्ही ठेकेदारांना डेमोसाठी बोलवा, आणि तो ऑफिसमध्ये नको, प्रेस शॉपमध्ये, सगळ्या प्रेस चालू असताना, दुसऱ्या शिफ्टमध्ये. दोन हॉर्न तात्पुरते लावायला सांगा. केबिनमधून एकाने वीस शब्द वाचायचे, जागांची नावं आणि आकडे मिसळून, क्रम आधी कुणाला न सांगता. शॉपमध्ये पाच ऑपरेटर कानात प्लग ठेवून उभे राहतील आणि ऐकू आलं ते लिहितील. वीसपैकी अठरा शब्द पाचही जणांना बरोबर आले तर पुढे बोला. पीओमध्ये लिहून घ्या: प्रत्येक हॉर्नची स्वयंचाचणी आणि तिचा रोजचा ईमेल, स्विचची सगळी सेटिंग आणि पासवर्ड लेखी तुमच्या ताब्यात, केबलचं टेस्ट रिपोर्ट, दोन हॉर्न आणि एक स्विच स्पेअर, आणि शेवटचे वीस टक्के पैसे एक पावसाळा काढल्यावर. यातल्या शेवटच्या अटीला जो ठेकेदार कुरकुर न करता हो म्हणेल, त्याचा दर थोडा जास्त असला तरी त्याला काम द्या.